घोणशीच्या नावातले डॉक्टर

परभणी जिल्ह्यात खुरपणीच्या दिवसांत शेतकरी जिला धास्तावतात, ती घोणस इंग्रजीत ‘रसेल्स व्हायपर’ म्हणून ओळखली जाते. हे रसेल म्हणजे डॉ. पॅट्रिक रसेल.

एडिंबरोचे हे डॉक्टर आधी सीरियातल्या अलेप्पोत होते. तिथली प्लेगची साथ त्यांनी जवळून पाहिली. १७८१ मध्ये ते विशाखापट्टणमला आले, पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे निसर्गशास्त्रज्ञ झाले. लोक दिसेल त्या सापाला भीत, म्हणून विषारी कोणता आणि बिनविषारी कोणता, हे त्यांनी शोधायला घेतले. कोंबड्यांना, कुत्र्यांना साप चाववून ते परिणाम टिपत. आज हे क्रूर वाटते, पण ऐकीव माहितीवर विसंबायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. नावाजलेली तंजावरची गोळीही त्यांनी तपासली. घोणस जवळजवळ नागाइतकीच घातक असल्याचे त्यांनी नोंदवले.

१७९६ मध्ये त्यांचा भारतीय सापांवरचा सचित्र ग्रंथ निघाला. १८०५ मध्ये ते वारले. खरा उतारा, म्हणजे प्रतिसर्पविष, यायला आणखी नव्वद वर्षे लागली. घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही, मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून रुग्णालयात दंश झालेल्याचे रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटे ठेवून ते गोठते का, हे आधी पाहतात.