पॅरिसचे पहिले महापौर : ज्याँ सिल्व्हँ बायी

ज्याँ सिल्व्हँ बायी यांचा जन्म १५ सप्टेंबर १७३६ रोजी पॅरिस येथे झाला. वडील राजाच्या चित्रसंग्रहाचे रक्षक होते. मुलाला मात्र आकाशाची ओढ लागली. खगोलवेत्ते लाकाय यांच्यापाशी ते शिकले. १७५९ मध्ये परतलेल्या हॅलेच्या धूमकेतूची कक्षा त्यांनी गणिली आणि १७६३ मध्ये ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

भारतीय वाचकास त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटावा, याचे कारण वेगळेच आहे. मिशनऱ्यांनी दक्षिण भारतातून धाडलेली ज्योतिषकोष्टके आणि शुक्राचे अधिक्रमण पाहण्यास निघालेल्या ल जांतीय यांनी पुदुच्चेरीत शिकून घेतलेली तमिळ गणितपद्धती अभ्यासून, १७८७ मध्ये त्यांनी भारतीय ज्योतिषावर ग्रंथ प्रसिद्ध केला. (पुढच्याच वर्षी म्हैसूरच्या टिपू सुलतानाचे वकील पॅरिसला पोचले, हा योगायोग.) कलियुगारंभीची, म्हणजे इ. स. पू. ३१०२ ची ग्रहस्थिती प्रत्यक्ष वेधांवरून नोंदलेली आहे, असे त्यांचे मत होते. लाप्लास यांनी ते अमान्य केले. ती स्थिती मागाहून गणिताने काढलेली होती. निष्कर्ष चुकला, तरी आपल्या ज्योतिषाचा एवढ्या आस्थेने विचार करणारे युरोपीय त्या काळी विरळाच.

१७८९ मध्ये हे अभ्यासू गृहस्थ लोकप्रतिनिधींच्या सभेचे अध्यक्ष झाले. सभागृहाचे दार बंद आढळताच २० जून रोजी टेनिसच्या प्रांगणात जी प्रसिद्ध शपथ घेतली गेली, ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. बास्तीय पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, १५ जुलैला, ते पॅरिसचे पहिले महापौर झाले. ग्रहांचे गणित करणाऱ्याला आता शहराच्या धान्याचा हिशेब करावा लागला.

१७ जुलै १७९१ रोजी शाँ द मार्स मैदानावर राजाविरुद्धच्या अर्जावर सह्या करण्यासाठी लोक जमले. बायी यांनी लष्करी कायदा पुकारला. राष्ट्ररक्षक दलाच्या गोळीबारात अनेक माणसे मेली. या रक्ताची जबाबदारी त्यांच्यावरून पुसता येत नाही. नोव्हेंबरात त्यांनी पद सोडले.

१७९३ मध्ये लाप्लास यांच्याकडे आश्रयार्थ गेले असता मेलँ येथे त्यांना अटक झाली. राणीच्या खटल्यात आरोप करणाऱ्यांना हवी होती तशी साक्ष त्यांनी दिली नाही. १२ नोव्हेंबरला त्याच मैदानावर त्यांना नेण्यात आले. वधयंत्र तेथून हलवून नदीकाठी पुन्हा उभारीपर्यंत वृद्ध बायी गार पावसात ताटकळत राहिले. ते थरथरत होते ते थंडीने, भीतीने नव्हे, असे सांगतात.

चंद्राच्या दृश्य बाजूवरील, सुमारे ३०० किलोमीटर व्यासाच्या सर्वांत मोठ्या विवराला त्यांचे नाव आहे.