पतपारखी लुईस टॅपन

१८३७ साली अमेरिकेवर आर्थिक अरिष्ट कोसळले आणि न्यूयॉर्कमधील रेशमाचे मोठे व्यापारी आर्थर टॅपन यांच्या पेढीने देणी थांबवली. देणे ११ लाख डॉलरांच्या घरात होते. दूरदूरच्या दुकानदारांनी पेढीचा माल उधारीवर उचलला होता आणि आता तेच बुडाले होते. पेढीतील उधारीचे व्यवहार धाकटे बंधू लुईस पाहत. शेकडो मैलांवरच्या अनोळखी माणसाची पत शिफारसपत्रावरून कळत नाही, हे त्यांना पुरते उमगले.

लुईस यांचा जन्म १७८८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे, धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबात झाला. गुलामगिरी हे पाप आहे, ही आपली धारणा त्यांनी कधी लपवली नाही. जुलै १८३४ मध्ये दंगलखोरांनी त्यांचे घर फोडून सामान रस्त्यावर जाळले. लोकांनी पाहावे म्हणून त्यांनी ते घर तो उन्हाळाभर तसेच मोडके ठेवले. पुढे ‘आमिस्ताद’ जहाजावर बंड करून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेल्या आफ्रिकी बंदिवानांसाठी त्यांनी समिती उभारली, निधी जमवला, वकील दिले. मार्च १८४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदिवानांना मुक्त केले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लुईस यांनी ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. गावोगावचे वकील तिचे बातमीदार झाले. तरुण अब्राहम लिंकनही त्यांत होते. दुकानदाराची मालमत्ता किती, कर्ज किती, तो सचोटीचा आहे की व्यसनी, हे ते कळवीत. त्यांना वेतन नव्हते. मोबदल्यात थकबाकी वसुलीची कामे मिळत. माहिती जाडजूड वह्यांत उतरे. वर्गणीदार व्यापारी कचेरीत आला की कारकून नोंद वाचून दाखवी. दक्षिणेत मात्र टॅपन हे नावच अडसर ठरले. तेथील वकील सहकार्य करायला कचरत.

ही हेरगिरी आहे, अशी ओरड झाली आणि ती निराधार म्हणता येणार नाही. ज्याच्याविषयी लिहिले जाई, त्याच्या कानावर ते जातच नसे. ओहायोतील बियर्ड्सली नावाच्या व्यापाऱ्याची पत्नी घटस्फोट मागणार असल्याची वार्ता वहीत चढली. त्याने बदनामीचा दावा लावला आणि १८५१ मध्ये ज्यूरीने १० हजार डॉलरांची भरपाई दिली. हा निर्णय १८७० मध्ये सर्वोच्च न्यायालयात फिरला. माणसाच्या खरेदीविक्रीविरुद्ध लढणाऱ्याने माणसाच्या चारित्र्याची माहिती विकावी, हे आज खटकते. लुईस यांना बहुधा खटकले नसावे. खरेपणाने वागणाऱ्याला नोंदवहीचे भय नसावे, अशीच त्यांच्या धर्मश्रद्धेची घडण होती.

१८४९ मध्ये त्यांनी व्यवसाय सोडला आणि उरलेले आयुष्य गुलामीविरोधी कार्याला दिले. १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, ती त्यांनी पाहिली. १८७३ मध्ये ब्रुकलिन येथे त्यांचे निधन झाले. त्यांची एजन्सी पुढे रॉबर्ट डन यांच्या हाती गेली व १९३३ मध्ये ब्रॅडस्ट्रीट कंपनीशी एक झाली. अडीच हजारांहून अधिक जुन्या वह्या आज हार्वर्डच्या ग्रंथालयात आहेत.