गरिबांचे सेवक पोप ग्रेगरी

विद्यार्थ्यांनो, रोमन कॅथलिक पंथाच्या सर्वोच्च धर्मगुरूंना पोप म्हणतात, हे तुम्हांला माहीत असेल. आतापर्यंत अडीचशेहून अधिक पोप होऊन गेले. त्यांतील फार थोड्यांना लोकांनी 'थोर' म्हटले. पहिले ग्रेगरी हे त्यांपैकी एक होत.

ग्रेगरी यांचा जन्म इ. स. ५४० च्या सुमारास इटलीतील रोम शहरात झाला. त्यांचे घराणे श्रीमंत होते. तरुणपणीच ते रोमचे मुख्य अधिकारी झाले. पण मोठ्या पदात त्यांचे मन रमले नाही. त्यांनी आपल्या राहत्या घराचा मठ केला आणि ते साधेपणाने राहू लागले.

इ. स. ५८९ मध्ये टायबर नदीला मोठा पूर आला. धान्याची कोठारे वाहून गेली. पाठोपाठ प्लेगची साथ आली. त्या साथीत पोप दुसरे पेलाजियस मरण पावले. तेव्हा लोकांनी ग्रेगरी यांची निवड केली. त्यांना हे पद नको होते. पण संकटातील लोकांना पाठ दाखवणे त्यांना योग्य वाटले नाही. इ. स. ५९० मध्ये ते पोप झाले.

शहरात उपासमार होती. ग्रेगरी यांनी सिसिली बेटावरील चर्चच्या जमिनींतून धान्य मागवले व गरिबांना वाटले. त्या जमिनी कसणाऱ्या शेतकऱ्यांकडून काही कारभारी मोठ्या मापाने धान्य घेत. ग्रेगरी यांनी ती लुबाडणूक थांबवण्याचा हुकूम दिला. एकदा रोममध्ये एक गरीब माणूस मेलेला आढळला. तो उपाशी मेला, याचा दोष ग्रेगरी यांनी स्वतःकडे घेतला आणि काही दिवस उपासना चालवली नाही, अशी कथा सांगतात.

न्याय करताना त्यांनी आपला आणि परका असा भेद केला नाही. पालेर्मो शहरातील बिशपने ज्यू म्हणजे यहुदी लोकांची प्रार्थनास्थळे बळकावली होती. इ. स. ५९८ मध्ये ग्रेगरी यांनी त्यांची किंमत देण्यास आणि तेथील ग्रंथ व वस्तू परत करण्यास सांगितले.

लाँबर्ड लोकांनी रोमला वेढा घातला, तेव्हा ग्रेगरी यांनी खजिन्यातून पैसे देऊन शहर वाचवले. त्यांनी पाठवलेले धर्मोपदेशक इ. स. ५९७ मध्ये इंग्लंडला पोहोचले. त्यांची साडेआठशेच्या आसपास पत्रे आजही उपलब्ध आहेत. चर्चमधील एका प्राचीन गायनपद्धतीला त्यांचेच नाव आहे. मात्र आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर त्यांचे नव्हे. ते इ. स. १५८२ मध्ये तेराव्या ग्रेगरींनी सुरू केले.

शेवटची काही वर्षे ग्रेगरी आजाराने अंथरुणाला खिळले होते. तरी त्यांचे काम थांबले नाही. १२ मार्च ६०४ रोजी त्यांचे निधन झाले. ते स्वतःला देवाच्या सेवकांचा सेवक म्हणवून घेत. मुलांनो, अधिकार मिळाल्यावर माणूस कोणासाठी झटतो, यावरून त्याचा मोठेपणा ठरतो, हे त्यांच्या जीवनातून आपण शिकू या.