वस्तादांचा दुसरा हात

दरवर्षी 19 फेब्रुवारीला शिवजयंतीची मिरवणूक क्रांती चौकात आली, की दांडपट्टेवाल्यांभोवती रिंगण पडतं. छावणीपासून सिडकोपर्यंतची पोरंपोरी मोबाइल वर करून उभी. पातं गरागरा फिरतं, जमिनीवरच्या लिंबाचे दोन तुकडे होतात आणि रील तयार! पण त्या रीलमध्ये एक गोष्ट सहसा निसटते. पट्टा फिरवणाऱ्याचा दुसरा हात.

दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते. मनगट आत अडकतं, त्यामुळे पट्टा खांद्यातून आणि कमरेतून फिरवावा लागतो. लांब, लवचीक पातं समोरच्याला दूर ठेवतं. पण कुणी आत घुसलाच तर? म्हणून दुसऱ्या हातात ढाल, कट्यार, तलवार, नाहीतर दुसरा पट्टाच. कुंग फूच्या सिनेमात आखूड तलवारींची जोडी पाहिली असेल. दक्षिण चीनमधल्या या फुलपाखरी तलवारी एकाच म्यानात बसतात. एक वार अडवते, दुसरी वार करते. आपल्याकडे विंचवाच्या नांगीसारखा वळलेला बिचवा, बोटांत लपणारी वाघनखं, दोन शिंगं जोडून केलेला माडू, ही सगळी जवळून लढायची हत्यारं. आणि जवळ जायचं तर दोन्ही हात जागे हवेत.

हे पुण्याच्या पोरांना शिकवणारा माणूस म्हणजे लहुजी वस्ताद साळवे.

जन्म 14 नोव्हेंबर 1794, पुरंदरच्या पायथ्याशी. घराणं मातंग समाजातलं, हत्यार चालवण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. वडील राघोजी पेशव्यांच्या चाकरीत. 1817 च्या नोव्हेंबरात इंग्रजांशी खडकीची लढाई झाली, त्या धुमश्चक्रीत राघोजी पडले. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं तेव्हा लहुजी होते फक्त 23 वर्षांचे. म्हणजे आपल्यातल्या एखाद्या पीजीच्या विद्यार्थ्याएवढे! इंग्रजांना घालवायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. लग्न केलं नाही. पुण्यात तालीम काढली.

तालमीत कुस्ती होती, दांडपट्टा होता, तलवार, भाला, नेमबाजीही होती. पण खरी गंमत पुढे आहे. त्या काळी ज्याची सावलीसुद्धा टाळायचे, अशा समाजातल्या वस्तादासमोर सगळ्या जातींची पोरं लंगोट कसून उभी राहायची. त्यात जोतिराव फुले होते, सदाशिवराव गोवंडे होते, पुढे वासुदेव बळवंत फडकेही आले. तालमीच्या दाराबाहेर मात्र वस्तादांच्याच वस्तीतल्या मुलांना हातात पाटी धरायची सोय नव्हती.

1848 मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. पुढे अस्पृश्य मुलांसाठीही शाळा निघाल्या. शिव्या, धमक्या, शेण, सगळं वाट्याला आलं. तेव्हा वस्ताद आणि त्यांची तालीम या दोघांच्या पाठीशी उभी राहिली. पण लहुजी नुसते राखण करत बसले नाहीत. ते वस्तीत दारोदार फिरले, आयाबापांना समजावलं, मुलं शाळेत आणली. त्यांच्याच नात्यातली मुक्ता साळवे या शाळेत शिकली. 1855 मध्ये, जेमतेम 14 वर्षांची असताना, मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला.

दोनच वर्षांनी, जून 1857 मध्ये, इकडे आपल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडेस्वारांनी बंड केलं. ते मोडलं गेलं. पकडलेल्या शिपायांना काळ्या चबुतऱ्यावर मृत्युदंड दिला गेला. तो काळा चबुतरा म्हणजेच आजचा क्रांती चौक. जिथे आपण रील काढतो, तीच जागा. पुढे 1878 च्या कायद्याने तर परवान्याशिवाय हत्यार बाळगणंच गुन्हा ठरलं.

तरी 1879 मध्ये फडके उठले. काही महिन्यांतच पकडले गेले आणि त्यांना एडनच्या तुरुंगात धाडलं. लहुजी तेव्हा 84 वर्षांचे होते. ज्यासाठी जन्मभर तालीम चालवली, ते इंग्रजांचं जाणं त्यांना दिसलं नाही. 17 फेब्रुवारी 1881 ला ते गेले. पुण्यात संगमवाडीला त्यांची समाधी आहे. बरोबर दोन वर्षांनी, 17 फेब्रुवारीलाच, एडनमध्ये फडक्यांनी प्राण सोडला.

मग वस्ताद हरले का? पट्ट्याच्या हाताचं बघाल तर, हो. बंदुकीपुढे तो थिटाच पडला. पण दुसऱ्या हाताने त्यांनी ज्या पोरांना शाळेच्या दारापर्यंत नेलं, त्यांच्या हातातली पाटी काढून घेणं पुढे कुणाला जमलं नाही. आज वस्तीवस्तीतून कॉलेजात येणाऱ्या पहिल्या पिढीच्या पोरापोरींच्या मागे तो हात आहे.

लहुजींची पुण्यतिथी शिवजयंतीच्या दोनच दिवस आधी येते. यंदा क्रांती चौकात दांडपट्टा बघायला गेलात, तर फिरणाऱ्या पात्यावरून नजर थोडी हलवा. दुसऱ्या हातात काय आहे, तेही बघा.