ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (जन्म : १९ एप्रिल १८९२, मुंबई, मृत्यू : ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांपैकी एक होत्या. आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी बालकांसाठी त्यांनी उभे केलेले कार्य विशेष प्रसिद्ध आहे. दगडगोटे, बिया, शिंपले, पाने, माती अशा परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंना त्यांनी शैक्षणिक साधनांचा दर्जा मिळवून दिला. भारत सरकारने १९६२ साली पद्मभूषण हा किताब देऊन त्यांचा गौरव केला.

पूर्वायुष्य

ताराबाईंचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. घरातील सुधारणावादी वातावरणामुळे त्यांना उच्च शिक्षण घेता आले. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही; १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या आणि लहान मुलीला घेऊन स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या. राजकोट येथील स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली होती.

भावनगरचा काळ

१९२३ साली प्राचार्यपद सोडून ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. गिजुभाईंनी तेथे १९२० पासून मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीवर आधारलेले बालमंदिर चालविले होते. ताराबाईंच्या पुढील आयुष्याची दिशा येथेच ठरली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षणपत्रिका’ या गुजराती मासिकाची मराठी आवृत्ती १९३३ पासून ताराबाईंनी चालविली.

माँटेसरी पद्धतीत बाहुलीला व काल्पनिक खेळाला फारसे स्थान नव्हते. १९०७ साली रोममध्ये सुरू झालेल्या पहिल्या बालगृहात मुलांसाठी बाहुल्या आणि खेळणी ठेवली होती. परंतु मुलांनी ती बाजूला सारून इंद्रियशिक्षणाची साधने पसंत केली, असा माँटेसरी यांचा अनुभव होता. त्यावरून, बालकाला खोट्या वस्तूंपेक्षा खरे काम अधिक प्रिय असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गिजुभाईंनी मूळ पद्धत स्वीकारली, पण गोष्टी, गाणी आणि नाट्य यांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले. ताराबाई याच परंपरेत घडल्या. भातुकली मांडून बाहुला-बाहुलीचे लग्न लावणाऱ्या घरांतील मुलांसाठी कल्पनेचा खेळ वर्ज्य करणे तसे अवघडच होते.

१९३६ साली त्या मुंबईत आल्या आणि दादर येथे शिशुविहार सुरू केले. त्याला जोडून बालशिक्षकांच्या प्रशिक्षणाचीही सोय झाली.

बोर्डी

शहरातील बालमंदिर प्रामुख्याने मध्यमवर्गीयांचेच राहिले. माँटेसरी साधनसंच महाग होता. तो परदेशी मापांप्रमाणे काटेकोर घडवावा लागे. ग्रामीण मुलांपर्यंत बालशिक्षण न्यायचे तर हा संच आड येणार, हे ताराबाईंनी ओळखले. १९४५ साली त्यांनी त्यावेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. वसई-विरारकडून गुजरातकडे जाणाऱ्या पश्चिम रेल्वेमार्गावर, घोलवड स्थानकाजवळ हे गाव आहे. अनुताई वाघ याच वर्षी त्यांच्या सहकारी झाल्या.

गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. तिला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. झाडून घेतलेली जागा आणि भोवताली सापडणाऱ्या वस्तू एवढ्यावर वर्ग भरे.

नैसर्गिक साहित्य

बोर्डीला शंख-शिंपल्यांचा तुटवडा नव्हता. चिंचोके, सागरगोटे, गुंजा, पिसे, काटक्या, रंगीत दगड आणि बांबूचे तुकडे मुलेच गोळा करून आणत. लहान-मोठा क्रम लावणे, रंग वेगळे करणे, मोजणे, नक्षी मांडणे हे सारे त्यांतून शिकविता येई. हेच साहित्य खेळण्याचेही होते, हा त्याचा वेगळा गुण. माँटेसरींच्या ठोकळ्याचा उपयोग ठरलेला असतो. शिंपला मात्र आज गणिताचा मणी आणि उद्या भातुकलीतले ताट होतो. मातीचा गोळा, चिंधी आणि दोन काटक्या यांची बाहुली घडविताना मूल हातांना वळण लावते आणि तिला नाव, नाते, भूकही देते. चेहरा जितका कमी रेखलेला, तितके कल्पनेला काम अधिक. विकतच्या बाहुलीत हे काम आधीच संपलेले असते.

अशा साहित्याला मर्यादाही आहेत. अचूक मापांच्या साधनांमध्ये चूक मुलाच्या आपोआप लक्षात येते. चिंचोक्यांत तसे होत नाही. तेथे शिक्षिकेची नजर आणि तयारी लागते. शिक्षिकांच्या प्रशिक्षणावर ताराबाईंनी सतत भर दिला, त्याचे एक कारण यात शोधता येते.

कोसबाड आणि विकासवाडी

१९५७ साली केंद्राचे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले. भोवतीच्या पाड्यांवर प्रामुख्याने वारली आदिवासींची वस्ती होती. येथे नवी अडचण पुढे आली. सात-आठ वर्षांच्या मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे असत आणि मुलगे गुरांमागे जात. ज्या वयात इतर मुली बाहुली सांभाळण्याचा खेळ खेळतात, त्या वयात या मुली खरेच मूल सांभाळत होत्या. त्यांना शाळेत आणायचे तर कडेवरचे मूलही आत घेणे भाग होते.

त्यातून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ साकारली. तान्ही मुले पाळणाघरात गेल्यामुळे मोठ्या बहिणींचे हात मोकळे झाले. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना शिक्षक तेथेच जाऊन शिकवीत. दिवसभर कामात असलेल्यांसाठी रात्रशाळा होत्या.

लेखन आणि नंतरचा काळ

ताराबाईंनी मराठी व गुजरातीत पालक, शिक्षक आणि मुलांसाठी लेखन केले. ‘बालविकास व शिस्त’ आणि ‘नदीची गोष्ट’ ही त्यांची पुस्तके आहेत.

त्यांच्या निधनानंतर कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी १९९२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत पुढे चालविले. तेथील अनुभव अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात आले आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना देशभर ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले.