सरोवराकाठचे दगड

चाळिशीच्या सुमारास घर, नोकरी, मुलेबाळे सगळे जागच्या जागी असते, तरी आतून काहीतरी खचत जाते. आमच्या कचेरीतही असे चेहरे दिसतात. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्यावर ही वेळ अडतिसाव्या वर्षी आली.

२६ जुलै १८७५ रोजी एका पाद्र्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वैद्यकी शिकून झुरिकच्या मनोरुग्णालयात त्यांनी नाव कमावले. फ्रॉइड त्यांना आपला वारस मानू लागले. पण मतभेद वाढले आणि १९१३ मध्ये संबंध तुटले. सहकारी दुरावले. त्याच ऑक्टोबरात आगगाडीत बसले असताना युरोप पुरात बुडाला आहे आणि पाण्याचे रक्त झाले आहे, असे दृश्य त्यांना दिसले. आपल्याला वेड लागते आहे, अशी धास्ती त्यांनी घेतली. पुढच्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले.

काही सुचेना, तेव्हा त्यांना लहानपणचा एक खेळ आठवला. दगडांची घरे आणि किल्ले बांधण्याचा. आपली मुले दिवाळीत करतात तसेच! मग हा नावाजलेला डॉक्टर दुपारचे जेवण उरकून सरोवराकाठी दगड वेचू लागला. आधी स्वतःचीच लाज वाटली. पण घरे झाली, चर्च झाले, अख्खे गाव उभे राहिले. रुग्ण आले की उठायचे, संध्याकाळी पुन्हा दगड. रुग्ण तपासणे त्यांनी सोडले नाही. घर आणि रुग्ण यांनीच आपल्याला जमिनीवर ठेवले, असे ते पुढे मानत. मला यातले हेच मोठे वाटते.

मनाच्या तळाशी जे भेसूर दिसे, ते वहीत उतरवीत. युद्धाच्या उत्तरार्धात, सैन्यात डॉक्टर म्हणून नेमणूक असताना, रोज सकाळी एक वर्तुळाकार चित्र काढीत. त्या दिवशीचे मन त्यात दिसे. हळूहळू अंधार निवळला. या चित्रांना त्यांनी आपलाच 'मंडल' हा शब्द दिला. सामूहिक अबोध मनाचा त्यांचा विचारही याच वर्षांत आकाराला आला.

१९३७ च्या अखेरीस ते भारतात आले. आपल्या इंदूरपासून काही तासांवरच्या सांचीने त्यांना हलवून सोडले. हातातला छोटा टोल वाजवत स्तूपाला प्रदक्षिणा घालणारे जपानी यात्रेकरू ते पाहत राहिले. वर्तुळ पुन्हा समोर आले होते.

६ जून १९६१ रोजी ते वारले. त्या वर्षांची लाल बांधणीची वही मात्र कुटुंबाने पुढे बँकेच्या तिजोरीत ठेवली. ती छापून आली २००९ मध्ये.