न्यायमूर्ती रानडे यांची न्यायसेवा

न्यायमूर्ती हे बिरुद महादेव गोविंद रानडे यांच्या नावाशी इतके एकरूप झाले आहे, की ते जन्मभर उच्च न्यायालयातच बसले असावेत असा समज सहज होतो. वस्तुतः त्या आसनावर ते सुमारे सात वर्षेच होते. त्यापूर्वीची बावीस वर्षे खालच्या न्यायालयांत, बदल्यांत आणि दौऱ्यांत गेली. त्यांच्या समाजकार्याची माहिती आपल्या घरोघरी आहे. न्यायसेवेची तितकीशी नाही. म्हणून तीच आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. वडील कोल्हापूर संस्थानच्या सेवेत असल्यामुळे त्यांचे बालपण व प्रारंभीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. पुढे मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये अध्ययन करून नव्या विद्यापीठाची बी. ए. पदवी त्यांनी १८६२ साली व कायद्याची पदवी १८६६ साली संपादन केली. अतिवाचनाने डोळे दुखावले, परंतु अभ्यास सुटला नाही. अक्कलकोट संस्थानात काही काळ कारभारी, नंतर कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश आणि मग एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक, असा त्यांचा क्रम झाला. १८७१ साली ते अॅडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. मुंबईत वकिली करून विपुल द्रव्य मिळविण्याचा मार्ग मोकळा असताना त्यांनी पुण्यास सबजज्जाची सरकारी जागा पत्करली.

दिवसा न्यायदान आणि उरलेल्या वेळी सार्वजनिक सभेचे कार्य, हा त्यांचा पुण्यातील परिपाठ सरकारच्या डोळ्यांत सलू लागला. १८७८ साली त्यांची नाशिकास बदली झाली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उद्भवले आणि माधवरावांना धुळ्यास धाडण्यात आले. तेथे त्यांचे टपाल तपासले जाई. बंडवाल्यांच्या नावाने आलेली पत्रे ते सरळ पोलिसांकडे पाठवून देत. ज्या सरकारच्या नावाने न्याय द्यावयाचा, तेच सरकार आपल्यावर नजर ठेवून आहे, हे जाणूनही त्यांनी नोकरी सोडली नाही आणि देशकार्यही सोडले नाही. अखेरीस संशय फिटला.

त्यानंतरचे काम आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. १८७५ साली सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला व तो पुणे-नगरकडे पसरला. त्याच्या चौकशीतून १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा निघाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो लागू झाला. केवळ रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता मूळ मुद्दल किती, व्याज किती आणि फेड किती झाली, याची छाननी करण्याचे कर्तव्य न्यायाधीशावर आले. या न्यायालयांच्या देखरेखीसाठी १८८१ साली माधवराव स्पेशल जज्जांचे साहाय्यक नेमले गेले व १८८७ साली स्वतः स्पेशल जज्ज झाले. गावोगाव फिरून दप्तरे तपासणे आणि हुकूमनाम्यांतील चुका दुरुस्त करणे हे काम कष्टाचे व प्रसिद्धीविरहित होते. मात्र याच फिरतीत देशाचे दारिद्र्य त्यांना कागदोपत्री उलगडले. न्यायालयाने कर्ज कमी केले, तरी पुढल्या पेरणीस पैसा लागतोच; तेव्हा शेतकऱ्यास स्वस्त व्याजाने कर्ज मिळण्याची सोय व्हावी, हा विचार त्यांनी पुढे आपल्या अर्थशास्त्रीय निबंधांत मांडला.

१८९३ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग अकाली निवर्तले आणि त्यांच्या जागी मुंबईच्या उच्च न्यायालयात माधवरावांची नेमणूक झाली. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले असता, त्यांचे देहावसान झाले.

उच्च आसनाने त्यांना बिरुद दिले. पण त्या बिरुदाला साजेसा पुरुष चार जिल्ह्यांच्या धुळीत घडला होता. बढती दूर असता व पाठीवर संशयाची नजर असता जो आपले नेमून दिलेले काम चोख करतो, त्याचे ते काम वाया जात नाही. नोकरीच्या आरंभी लहान जागेवर रुजू होणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे चरित्र अवश्य सांगावे, एवढेच आमचे मागणे आहे.